पाहुण्याची भेट मोजणारी नळी

मित्रांनो, मी एक जुनी मापनळी आहे. हातभर लांब, पोलादाची, आतून पोकळ. एका तोंडाशी रुंद, दुसऱ्या तोंडाशी जराशी निमुळती. मला पहिल्यांदा पाहणारे निम्मे लोक नळाचा तुकडा समजतात आणि उरलेले निम्मे फुलदाणी. पण एका हिवाळ्यात अख्ख्या सर्बियाच्या फौजेचा जीव माझ्या या रिकाम्या पोटात अडकला होता, हे मी छातीठोकपणे सांगते. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

माझे काम दोन वाक्यांत सांगून होईल. तोफेच्या मागच्या अंगाला एक कोठी असते. गोळा तिच्यात सरकवून झाकण लावतात. ती कोठी आतून जेवढी, तेवढीच मी आतून. गोळा माझ्यात घालायचा. त्याची बैठक माझ्या काठाशी सपाट आली, तर तो तोफेत बसणार. वर राहिली, तर झाकण लागणार नाही, आणि झाकण न लागणारी तोफ म्हणजे चाकांवरचा ओंडका. (पाहा, सहा वाक्ये झाली. मोजण्यात चूक झाली की मी लगेच कबूल करते.)

माझा जन्म फ्रान्सचा. सर्बियाने तिथून तोफा मागवल्या, तेव्हा तोफांच्या पाठोपाठ एका लाकडी पेटीत, हिरव्या बनातीत गुंडाळून मीही आले. म्हणजे सूनच म्हणा. माहेर श्रीमंत, सासर गरीब, पण सासरी मान मोठा. क्रागुयेव्हाट्स शहरातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मला एक टेबल मिळाले, आणि टेबलामागे बसणारे वुकोमान मिस्त्री मिळाले.

वुकोमान मिस्त्री म्हणजे संशयाचे भांडे. पाव घेतला तरी हातावर तोलून पाहायचे. मेव्हण्याने घरी गाळलेली राकिया पाजली, तर पेला उजेडात धरून म्हणायचे, "पाण्याला वास छान आहे रे!" त्यांचा नियम एकच: कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक गोळा माझ्यातून जायचा. दहातला एक नव्हे, शंभरातला एक नव्हे, प्रत्येक. गोळा आत सोडायचा, अंगठा काठावरून एकदा फिरवायचा आणि ओरडायचे, "बसला!" डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "डोळा भिडस्त असतो," ते म्हणायचे, "अंगठ्याला भीड नाही."

मग लढाई आली, पहिले महायुद्ध. ऑस्ट्रियाची फौज नद्या ओलांडून आत शिरली. कारखान्यातले तरणे पुरुष आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी बायका आल्या. माझ्या टेबलाशी आली स्तानोयका. तिचा नवरा ब्लागोये तोफखान्यात होता. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच अशी ही बाई. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी तिचा अंगठा धरून माझ्या काठावर फिरवला.

"काय लागतंय, सूनबाई?" तिथे कुणाच्याही लग्न झालेल्या पोरीला म्हातारे सूनबाईच म्हणतात.

"काही नाही लागत."

"काही नाही लागत, म्हणजेच बसला. आता हा बघ."

"हा... केसभर वर आहे, काका."

मिस्त्रींनी तोच गोळा स्वतःच्या अंगठ्याने पुन्हा तपासला. तो केसभर शोधायला त्यांना स्वतःला तीन वर्षे लागली होती. "कुठं शिकलीस?"

"पावाचं पीठ फुगलं की नाही ते अंगठ्यानंच बघतात. तुमच्या घरी तुम्हाला भट्टीजवळ येऊ देत नसतील."

त्या दिवसापासून मी दोन अंगठ्यांची झाले.

पण मित्रांनो, अंगठे असून काय उपयोग? गोळेच संपत आले. आमचा कारखाना दिवसाकाठी जेवढे गोळे करायचा, तेवढे आघाडीवर सकाळच्या न्याहारीआधी उडून जायचे. पितळ संपले, बारूद संपत आली. राजधानी हातची गेली. फौज मागे सरत सरत सुव्होबोर डोंगराच्या अलीकडे आली. मग ब्लागोयेची चिठ्ठी आली. बैलगाडीवाल्याने ती टोपीत घालून आणली होती. स्तानोयकाने सगळ्यांसमोर वाचली: "आमच्या तोफेपाशी सात गोळे उरलेत. एक उडवायचा तर कर्नलची परवानगी लागते. समोरचे लोक आमच्यासमोर कपडे वाळत घालतात. मी तोफेशी गप्पा मारतो. ती बिचारी काही बोलत नाही. सात म्हणजे सातच, स्तानो. मोजून बघितलेत, पुन्हा पुन्हा."

कुणी हसले नाही. मिस्त्रींनी नाक शिंकरले, आणि थंडी फार आहे असे ते उगाच म्हणाले.

एकच आशा होती: फ्रान्स. सरकारने तारा केल्या होत्या. फ्रान्स स्वतःच लढाईत गळ्याएवढा बुडालेला. त्याच्या स्वतःच्या तोफा भुकेल्या. तरी त्याने 'देतो' म्हटले. गोळे जहाजाने निघाले, सलोनिकाच्या बंदरात उतरले, तिथून आगगाडीत चढले, अशा बातम्या येत होत्या. दुबळ्या घराला थोरल्या घरून धान्य यायचे असले, की घरातले सगळे वाटेकडे डोळे लावून बसतात ना, तसे अख्खे शहर रुळांकडे बघत बसले.

आणि रविवारी सकाळी शिटी ऐकू आली!

काय सांगू! कारखाना रिकामा झाला. चर्चमधले लोक धर्मगुरूंसकट स्टेशनवर पळाले. कुणी सनई काढली, कुणी ढोल. एकमेकांचे हात धरून लोकांनी फलाटावरच फेर धरला. धान्याच्या गाडीसमोर नाचताना मी माणसे पाहिली होती, पण पेट्यांवर लिहिलेला आकडा वाचून रडताना पहिल्यांदाच पाहिली. आकडा होता पंचाहत्तर. आमच्या तोफांचे तोंडही पंचाहत्तर मिलीमीटरचेच.

तुम्ही म्हणाल, नळीबाई, तुम्ही हे पाहिले कसे? तर स्तानोयकाने मला घाईत टेबलावर ठेवायच्या ऐवजी एप्रनच्या खिशात कोंबले होते. माझे तोंड बाहेर आणि कान उघडे.

गाडीबरोबर फ्रान्सचे कप्तान रूसेल आले होते. बारीक, मिशाळ, डोळे झोपेअभावी लाल. त्यांच्या स्वागताला तानासिये साहेब पुढे झाले. हे स्वागत समितीचे प्रमुख. तरुणपणी पॅरिसला दोन वर्षे शिकून आलेले आणि उरलेली तीस वर्षे ते सांगण्यात घालवलेले. शहरात फ्रेंच येणारे तेवढेच. म्हणून दुभाषेही तेच. बायकांनी पाव आणि मीठ पुढे केले. मग बही नावाच्या आंबट फळांचा मुरांबा एक चमचा आणि वर थंड पाण्याचा पेला. हा तिथला पाहुणचार. तो नाकारला तर यजमानाचे नाक कापल्यासारखे.

इकडे पाहुणचार चालला होता आणि तिकडे पेट्या थेट बैलगाड्यांवर चढत होत्या. गुरुवारी पहाटे आपली फौज उलटून चढाई करणार, हे गुपित होते. म्हणजे शहरात सगळ्यांना माहीत होते. डोंगरापर्यंत गाड्यांना दोन दिवस लागत. मंगळवारी दुपारी शेवटची गाडी निघाली नाही, तर गुरुवारी शिपायांनी रिकाम्या तोफांमागे उभे राहायचे.

वुकोमान मिस्त्री गर्दीतून वाट काढत पुढे आले. "साहेब, पेट्या आधी कारखान्यात न्यायच्या. मापायच्या."

तानासिये साहेबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी मुरांब्यात मीठ घातले. "मिस्त्री, हळू बोला! पाहुण्याची भेट पाहुण्यासमोर मोजायची? भेटीच्या घोड्याचे दात बघायचे? आपल्यात असं करतात का?"

तुमच्याकडे दानाच्या गाईचे दात मोजत नाहीत. तिथे घोड्याचे मोजत नाहीत. जनावर बदलले तरी भीड तीच. आणि खरे सांगते, मिस्त्रींसारखा माणूसही त्या भिडेपुढे वाकला. ज्याने मेव्हण्याच्या राकियाला सोडले नाही, तो टोपी हातात घेऊन मागे सरला. कारण समोरचा माणूस स्वतःच्या तोंडचा घास काढून देत होता. अशा माणसासमोर फूटपट्टी कशी काढायची?

पहिली गाडी हलली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या.

तेव्हा स्तानोयका गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो गं!" गाडीवान ओरडला. "बैल तुझ्या ओळखीचे नाहीत!"

"एक गोळा दे."

"अगं, बाई का वेडी?"

"माझ्या नवऱ्यापाशी सात आहेत. त्यात तू ओझं घालतोयस का गोळे घालतोयस, एवढंच बघायचंय. एक दे!"

फेर थांबला. सनई एका सुरावर लटकून राहिली. गाडीवानाने पेटी उघडून एक गोळा तिच्या हातात दिला, बहुधा तिच्या आवाजाच्या भीतीने. पितळी काडतूस आणि वर पोलादी टोक, नवा कोरा, सुंदर. तिने मला गाडीच्या फळीवर उभे केले आणि तो माझ्यात सोडला.

मित्रांनो, त्याला आत घेताना मला माहेरचा वास आला. तेच पोलाद, तेच तेल. मी मनात म्हणाले, ये रे भावा, बस. तो सरकत आला, सरकत आला... आणि थांबला.

स्तानोयकाने अंगठा फिरवला. गव्हाच्या दाण्याएवढा वर.

"नाही बसला," ती म्हणाली. या वेळी मात्र हळू.

दुसरा गोळा. नाही बसला. दुसऱ्या पेटीतला. नाही बसला.

"काय म्हणते ती?" कप्तानांनी विचारले.

"ती... आपल्या कारागिरीची तारीफ करते आहे," तानासिये साहेबांनी फ्रेंचमध्ये सांगितले आणि कपाळाचा घाम पुसला.

पण कप्तान काही तारीफ ऐकायला आलेले नव्हते. तोफखान्याचे माणूस ते. ते गाडीवर चढले. हातमोजा काढला. स्वतःचा अंगठा माझ्या काठावरून फिरवला, आणि त्या अंगठ्याला भाषांतराची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते भराभर काही बोलले. तानासिये साहेबांनी सांगितले: "ते म्हणतात, हे गोळे त्यांच्या स्वतःच्या तोफांचे आहेत. आपल्या तोफा त्यांच्याच देशातल्या, पण वेगळ्या घडणीच्या; कोठी आखूड. आपल्या तारेत तोंडाचं माप होतं. कोठीचं लिहिलंच नव्हतं."

कुणीतरी, कुठल्यातरी कचेरीत, घाईघाईने 'पंचाहत्तर' एवढेच लिहिले होते. मागणाऱ्याने अर्धे माप सांगितले, देणाऱ्याने पुरे माप भरून पाठवले. शिव्या कुणाला द्यायच्या?

तानासिये साहेब स्तानोयकाकडे वळले. "झालं समाधान? पाहुण्याची अब्रू काढलीस!"

"आणि गुरुवारी पहाटे डोंगरावर निघाली असती, तर ती तुम्ही झाकली असती का, साहेब?"

एवढ्यात मिस्त्रींनी टोपी डोक्यावर चढवली. ती चढली आणि जुने मिस्त्री परत आले. "रडायचं नंतर! गाड्या वळवा! पितळ जास्त आहे ना? कमी असतं तर आपण मेलो होतो. जास्त आहे, ते कापता येतं!"

आणि मग, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत धुंद दोन दिवस सुरू झाले.

काम कसे, ते ऐका. प्रत्येक गोळ्याचे पोलादी टोक काडतुसातून उपटून काढायचे. आतली बारूद ओतून बाजूला. काडतुसाचे तोंड लेथवर धरून गव्हाच्या दाण्याएवढे पितळ तासायचे. पुन्हा बारूद, पुन्हा टोक, पुन्हा दाबून घट्ट. मग मी. बारूद उघडी म्हणून शेगड्या विझवलेल्या. थंडी अशी, की चुकून ठिणगी आली असती तर तिलाही हुडहुडी भरली असती. पहिल्या तासात नऊ गोळे झाले. मिस्त्रींनी कपाळ बडवले. दुसऱ्या तासात एकतीस झाले, तर ते म्हणाले, "गोगलगायी बऱ्या!" तिसऱ्या तासाला त्र्याण्णव झाले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी कधी ऐकली नव्हती.

चर्चमधून लोक आले, शाळेतून मास्तर आले. कप्तान रूसेल कोट काढून टोके उपटायला बसले. त्यांच्याइतके सफाईने ते कुणालाच जमत नव्हते. तानासिये साहेब पितळाचा चुरा झाडत होते. पॅरिसबद्दल एक शब्द नाही! आणि एकच मापनळी असल्यामुळे सगळ्या वाटा माझ्यापाशी येऊन मिळत होत्या. "बसला! बसला! बसला!" स्तानोयकाचा आवाज छपराला लागत होता. पाच हजारांच्या पुढे तिचा अंगठा फुटला. तिने त्यावर पट्टी बांधली नाही. पट्टीला केसभर कळत नाही. तिने डावा अंगठा पुढे केला.

मंगळवारी दुपार झाली. अकरा गाड्या गेल्या होत्या. बाराव्या गाडीतल्या तीन पेट्या मापायच्या राहिल्या. गाडीवान बैल जुंपून शिव्या देत होता. आणि, आश्चर्य ऐका, मिस्त्रीच म्हणाले, "जाऊ दे, सूनबाई. तेच लेथ, तेच हात. आता बसतीलच."

"काका, तुम्ही म्हणताय?"

"वेळ नाही गं, पोरी."

"माझ्या नवऱ्याच्या तोफेला कोणती पेटी मिळेल, ते तुम्हाला माहीत आहे का? मला नाही."

तिने तिन्ही पेट्या उपसल्या. शेवटच्या पेटीतले चार गोळे बसले नाहीत. लेथचे पाते झिजले होते. ते कुणाच्या डोळ्याला दिसले नव्हते. चार काढून ठेवले, पेटी ठोकली, गाडी सुटली. बैल असे पळाले, की गाडीवानाच्या शिव्याही मागे राहिल्या.

बुधवार कसा गेला, ते विचारू नका.

गुरुवारी पहाटे कुणी कामाला हात लावला नाही. सगळे दालनात उभे, कान देऊन. डोंगर लांब, तिथला आवाज इथे यायचा नाही, असे मास्तर म्हणत होते. मिस्त्री अंगणात जाऊन गोठलेल्या मातीवर आडवे झाले आणि कान लावून म्हणाले, "ऐकू येतंय!"

"काका, ते तुमचं पोट आहे," स्तानोयका टेबलापासूनच ओरडली.

आणि तेव्हा मला कळले. माणसांच्या आधी मला कळले! पोकळाला लवकर ऐकू येते. टेबलावर उभी असताना माझ्या तळाला काहीतरी स्पर्शून गेले, पोटात फिरले आणि माझ्या तोंडातून अगदी बारीक सूर निघाला. स्तानोयकाने चमकून माझ्या काठावर अंगठा ठेवला. माझ्यातून पुन्हा एक थरार गेला. पुन्हा. मग थांबेचना.

"वाजतेय!" ती ओरडली. "काका, नळी वाजतेय! तोफा उडताहेत! एक नाही, सगळ्या!"

मग खिडकीच्या काचाही गुणगुणू लागल्या. कप्तान रूसेल खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखे रडले. तानासिये साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी कशाचेच भाषांतर केले नाही.

अकरा दिवसांनी ब्लागोयेचे पत्र आले: "स्तानो, आता समोर कपडे वाळत घालायला कुणी उरलं नाही. आम्ही इतके पुढे आलो, की पायांना फोड आलेत. गोळे सगळे बसले. सगळे. माझा सोबती म्हणतो, हे फ्रान्सचं काम. मी म्हणतो, अर्धं." तिने ते पत्र गुंडाळले आणि जागा दिसेना म्हणून माझ्यातच ठेवले. तेवढाच एक कागद मी कधी पोटात वागवला.

पुढे मला फार मान मिळाला, आणि मानाचे होते तसेच त्याचे झाले. तोफा जुन्या झाल्या, नव्या आल्या, त्यांना नव्या नळ्या आल्या. वुकोमान मिस्त्री गेले. स्तानोयकाचे केस पिकले. मी आधी कपाटात, मग कपाटाच्या वर, मग कपाटाच्या मागे. कुणी माझ्यात पेन्सिली ठेवल्या, कुणी छत्री. आता काही वर्षे मी एका लहानशा संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. तिथे एक झाडलोट करणारे गृहस्थ आहेत, मनाने अगदी चांगले. मागच्या महिन्यात माझ्यावरचे डाग पाहून त्यांना दया आली आणि ते वाळूचा कागद घेऊन आले. बाहेरून घासून झाले. मग ते आत हात घालू लागले.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी तेव्हा ओरडले असते. कारण माझ्याजवळ जे काही आहे ते आत आहे. आतून केसभर घासले, की मी चकचकीत दिसेन आणि खोटे बोलू लागेन. न बसणाऱ्यालाही 'बसला' म्हणेन, गोड आवाजात. त्या दिवशी स्टेशनवर सगळे गोडच बोलत होते. मी एकटी कडू बोलले, म्हणून डोंगरावरची माणसे वाचली. सुदैवाने तेवढ्यात त्या गृहस्थांना जेवायची हाक आली आणि कागद तिथेच राहिला.

म्हणून तुमच्यापाशी एवढेच मागते. तुमच्याही घरी एखादे जुने वजन असेल, एखादी पट्टी असेल, किंवा तोंडावर 'नाही बसला' सांगणारे एखादे माणूस असेल. दुसऱ्याने मदत केली, तर त्याला पाव द्या, मीठ द्या, मुरांब्याचा मोठा चमचा द्या. पण ती मदत आपल्या मापात बसते का, हे त्याच्यादेखत अंगठा फिरवून बघा; भला माणूस असेल तर तोही कोट काढून शेजारी बसेल. आणि ते माप डागाळले तर डागाळू द्या. वरून थोडे तेल लावा. आतून मात्र कधी घासू नका.